दोन दिवस आमच्या पायात

"मोजा काढा."

"नाही काढत."

"बाबा, शेवटचं सांगतेय. उजव्या पायाचा मोजा काढा."

"अगं, दुकान आहे हे! वरून माणसं जातायत. बाप स्टुलावर पाय टाकून बसलाय आणि लेक मोजा ओढतेय, काय म्हणतील बघणारे?"

"म्हणतील, लेकीला बापाची काळजी आहे. काढा."

"आधी मला सांग, हा जोडा तू कुठून उचललास? गिऱ्हाइकाचा आहे तो."

"गिऱ्हाइकाचाच आहे. आणि गिऱ्हाईक आमच्या वॉर्डात पडलंय. पलंगाखाली पिशवीत होता, म्हणून आणला. जरा आत हात घाला बघू. अंगठ्याच्या मुळाशी."

दोघांच्या मधे कातड्याच्या तुकड्यांनी भरलेला लाकडी ठोकळा होता. त्याच्यावर तो काळा जोडा, उजव्या पायाचा. नवा तळ लावून बारा-तेरा दिवस झाले असतील. म्हाताऱ्याने हात आत घातला आणि लगेच बाहेर काढला. बोटावर रक्ताचा बारीक थेंब आला होता.

"पितळी आहे," लेक म्हणाली. "चौकोनी अंगाचा. असा खिळा या भागात दुसरं कोण वापरतं, सांगा मला."

त्याने बोट पुसलं. तळाला खिळा ठोकताना आतून लोखंडाचा आधार धरतात. टोक त्याच्यावर आपटतं, वळतं आणि गुमान झोपतं. हे एकच टोक वळलं नव्हतं. तांदळाच्या कणीएवढं वर राहिलं होतं.

"आता खरं सांगा. हा जोडा तुम्ही घातला होतात का? दोन दिवस?"

साधाच प्रश्न, पण त्या दुकानात हा प्रश्न एकतीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. विचारायची गरजच नव्हती.

दुकान रस्त्याच्या पातळीखाली, सात पायऱ्या उतरून. वर पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरचं दुकान, खाली हे. एकच खिडकी आणि तीही फुटपाथच्या उंचीला. त्यामुळे आत बसलेल्या माणसाला जग दिसायचं ते घोट्यापर्यंतच. चेहरे नंतर, पाय आधी. कोण डाव्या पायावर भार टाकतो, कोणाची टाच बाहेरून झिजते, घरी भांडून कोण निघालंय आणि कोणाला आज उशीर झालाय, हे त्याला पायांवरून कळायचं. खोटं कशाला बोला, बाइंडरच्या मुलीचं लग्न ठरल्याचंही त्याला तिच्या आईच्या आधी कळलं होतं. पोरगी पायऱ्यांवरून उडी मारत खाली आली होती म्हणून.

त्याचा पाय आठ नंबरचा, म्हणून सगळे त्याला आठनंबरी म्हणायचे. नावामागे एक गोष्ट होती. दुकान काढलं त्या वर्षी शाळेच्या एका बाईंना त्याने नवा जोडा शिवून दिला. आठवड्याने बाई परत आल्या. दोन्ही टाचांवर रुपयाएवढे फोड. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही स्वतः घालून बघता का हो कधी?" तो शरमेने अर्धमेला झाला. त्या दिवसापासून त्याने रीत पाडली: नवा जोडा असो की नुसता तळ बदललेला, आधी आपण दोन दिवस घालायचा. नऊ-दहा नंबरचा असेल तर दोन-दोन मोजे चढवून. लहान असेल तर लाकडी साच्यावर ताणून. बायकांचा असेल तर त्याची बायको घरभर घालून फिरायची आणि रात्री फिर्याद द्यायची, "डाव्या करंगळीला लागतंय हो."

जोडा चावला की तो हसायचा. "चाव बाबा, मला चाव. त्यांना नको." मग तेवढीच जागा ठोकून, घासून, मऊ करून द्यायचा. दाराच्या वर भिंतीवर पाटी लावली होती: दोन दिवस आमच्या पायात, मग तुमच्या. लोकांनीही म्हण करून टाकली, आठनंबरीला टोचलं नाही ते कुणालाच टोचणार नाही.

आणि गेल्या तीन वर्षांत एकही जोडा त्याला चावला नव्हता.

एकही नाही! तो बाइंडरला सांगायचा, "हात बसायला आयुष्य जातं बघ. आता माझा जोडा चावतच नाही. कापसावर चालल्यासारखं वाटतं." बाइंडर म्हणायचा, "मग म्हातारपणी का होईना, कारागीर झालास." दोघे हसायचे. एकदा नळावरून येताना त्याच्या पायातली चप्पल वाटेत निसटली आणि तो तसाच अख्खी गल्ली चालत आला, एका पायात चप्पल, एक अनवाणी. बाइंडर वरून ओरडला, "अरे, जोडे शिवणाऱ्या, तुझा एक पाय उघडा!" तेव्हाही दोघे हसले. त्या वेळी आपण जरा जास्तच वेळ हसलो, हे एकट्या आठनंबरीला ठाऊक होतं.

बायको असती तर ही वेळ आली नसती. ती रोज संध्याकाळी वाटीत तेल घेऊन बसायची आणि त्याचे तळवे चोळायची. "तुमच्या तोंडापेक्षा तुमच्या पायांची मला जास्त ओळख," म्हणायची. ती गेली त्याला पाच वर्षं झाली. तेव्हापासून त्या पायांचे तळवे कुणी बघितले नव्हते. माणूस स्वतःचा तळवा बघतो तरी कधी? काटा रुतला तर. आणि काटा रुतलेला कळलाच नाही तर?

रक्तातली साखर वाढलीय हे दहा वर्षांपूर्वीच कळलं होतं. गोळी घ्यायचा. चहात साखर घालत नव्हता. त्याच्या मते विषय तिथे संपला होता.

तर लेकीचा प्रश्न, घातला होतात का?

त्याने जोडा हातात घेतला, फिरवला, परत ठेवला. "हा... हा राहिला बघ."

"काय?"

"घालायचा राहिला. त्याला घाई होती. म्हणाला आजच दे. दिला."

लेकीने आवाज खाली आणला. "एकतीस वर्षांत तुम्ही एक जोडा तसा दिला नाहीत. आईचा ताप उतरत नव्हता त्या दिवशीसुद्धा तुम्ही कुणाचे तरी बूट घालून हॉस्पिटलात आला होतात."

"माणूस आहे. चुकतो."

त्याला वाटलं, निभावलं. आळशी म्हणेल, बेपर्वा म्हणेल, म्हणू दे. पण लेक जखमांच्या विभागात नर्स होती. पायाबद्दल खोटं बोलणारी माणसं ती रोज सकाळी आठपासून बघत होती. तिने पर्समधून एक नायलॉनचा दोरा काढला, मासे धरायच्या गळाला असतो तसा, हातभर.

"बरं. मोजा राहू दे उजवा. डावा पाय द्या. आणि डोळे मिटा."

"हे काय नवीन?"

"खेळ आहे. दोरा लागला की 'हो' म्हणायचं. आधी हातावर बघा, हे असं."

"हो."

"आता पायावर. मिटा डोळे. चोरून बघायचं नाही."

त्याने डावा मोजा काढला, डोळे मिटले. वर बाइंडरच्या यंत्राचा धाडधाड आवाज. आठनंबरीने श्वास धरला आणि वाट बघू लागला. काहीच येत नव्हतं. मग त्याच्या लक्षात आलं, ती लेक आहे, नेमाने काम करते, ठरावीक वेळाने टेकवत असणार. त्याने मनात तीन मोजले.

"हो," म्हणाला.

पुन्हा तीन मोजले. "हो."

"आता?"

"हो. अंगठ्याला."

"आता?"

"हो, हो. टाचेपाशी. झालं ना समाधान?"

"डोळे उघडा, बाबा."

ती त्याच्याजवळ नव्हतीच. दाराशी, शेवटच्या पायरीवर उभी होती. दोरा तिच्या मुठीत होता.

"पहिल्या 'हो'च्या आधीपासून मी इथेच उभी आहे," ती म्हणाली.

तेवढ्यात वरचं यंत्र थांबलं. आठनंबरीने आपल्या उघड्या पायाकडे पाहिलं, जणू तो कुणी दुसऱ्याने दुरुस्तीला आणून टाकला होता. मग न सांगता तो वाकला आणि उजवा मोजा काढू लागला. मोजा तळव्यापाशी चिकटला होता. त्याने ओढला. तपकिरी डाग, आणि त्याच्या मधोमध ओला ठिपका.

"वर घ्या," लेक म्हणाली. आता तिच्या आवाजात भांडण नव्हतं. "उजेडात."

तळव्यावर घट्ट्याचं जाड कातडं, आणि ते एका बाजूने तासलेलं.

"हे कशाने कापलंत?"

"रापीने."

"रापीने? कातडं सोलायच्या?"

"घट्टा म्हणजे कातडंच की. मला काय, रोजचं काम."

एरवी ती हसली असती. तिने घट्ट्याच्या कडेला बोट दाबलं. छोट्याशा भोकातून पाणी आलं. अंगठ्याच्या मुळाशी. सकाळी वॉर्डात ज्या पायाचं ड्रेसिंग तिने केलं होतं त्या पायाला जिथे, अगदी तिथेच.

"दुखत नाही गं," तो म्हणाला.

"दुखलं असतं तर बरं झालं असतं."

मोजा मुठीत धरून त्याने विचारलं, "बाराकप्या कसा आहे?"

बाराकप्या म्हणजे नाक्यावरच्या कॅन्टीनचा वेटर. दोन्ही हातांवर मिळून बारा कप घेऊन चालायचा, एकही न सांडता. वय याच्या बरोबरीचं, पाय याच्याच नंबरचा, आणि रक्तात साखर याच्यासारखीच. दुकान उघडलं त्या आठवड्यातलं पहिलं गिऱ्हाईक आणि तेव्हापासूनचा मित्र.

लेक पिशवी आवरत होती. "नऊ दिवस त्याच जोड्यात ते उभे होते. त्यांनाही काही कळलं नाही. ताप आला तेव्हा आला. काल अंगठा काढला."

पुढचे सहा आठवडे दुकान बंद. डॉक्टर म्हणाले, हाडापर्यंत गेलं नाही हे नशीब, पण पाय जमिनीला लावायचा नाही. एकतीस वर्षं पायांवर जगलेला माणूस खाटेवर बसला आणि लेकीच्या हुकमाखाली आला.

"हा आरसा. रोज सकाळी खाली ठेवायचा आणि वर पाय धरायचा. दोन्ही तळवे. बोटांच्या बेचक्यासुद्धा."

"दाढी पायाला आलीय का माझ्या?"

"लाल दिसलं, फोड दिसला, भेग दिसली की मला सांगायचं. त्याच दिवशी. 'उद्या बघू' नाही."

"बरं, हवालदार."

"पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या करायच्या, टॉवेल टिपून. नखं सरळ कापायची, कोपऱ्यात घुसायचं नाही. आणि आंघोळीचं पाणी आधी कोपराने बघायचं. पाय पाण्यात शेवटी."

"कोपराने? लोक म्हणतील म्हातारा बादलीशी कुस्ती खेळतो."

"बादलीने भाजलेले तीन जण आहेत वॉर्डात. एकालाही कळलं नाही, दुसऱ्याने सांगेपर्यंत. घरातही अनवाणी फिरायचं नाही. आणि चप्पल असो, बूट असो, घालायच्या आधी उलटं करून आपटायचं, आत हात फिरवायचा. प्रत्येक वेळी."

त्याने आरसा पालथा ठेवला. जोड्यात हात फिरवायचा. बस, एवढंच. एवढं केलं असतं तर!

चौथ्या दिवशी त्याने विचारलं, "बाराकप्याला सांगितलंस?"

"डॉक्टरांना दाखवला जोडा. काकांना नाही सांगितलं अजून."

"का?"

"पायाचं काय ते मी सांगते, माझं काम आहे. जोड्याचं ज्याने शिवला त्याने सांगायचं."

बाराकप्या स्वतःच आला, महिन्याने, कुबडी घेऊन, रिक्षाने. दारातूनच ओरडला, "काय रे, मी पाय गमावला तर तू सहानुभूतीने खाट धरलीस का?"

"ये. बस."

"बारा कप आता संपले. एका हातात कुबडी, म्हणजे सहाच." हसला, आणि त्याचं हसणं मधेच थांबलं. खुर्चीत बसताना त्याने पाय दोन्ही हातांनी उचलून ठेवला, एखादी भरलेली किटली ठेवावी तसा. "मालकाला सांगितलं मी. म्हटलं, कोठीतली खोकी फोडतात आणि खिळे तिथेच पडतात. कोठी सांभाळणारी बाई आहे ना, तिला चांगली झापली त्याने. माझ्यासमोर. महिनाअखेर काढून टाकतोय."

"खोक्याचा खिळा?"

"नाहीतर काय! तुझ्या जोड्यात तर काही टोचणार नाही." त्याने आठनंबरीच्या गुडघ्यावर थाप मारली. "दोन दिवस तुझ्या पायात होता."

सांगायची वेळ हीच होती. आठनंबरीने तोंड उघडलं. शब्द जिभेवर आले, आणि त्याने विचारलं, "चहा घेणार?"

आत ओट्यापाशी लेकीने कप ठेवला, जरा जोरातच. फुटला नाही. ती बाहेर आली तेव्हा तिने बापाकडे पाहिलंच नाही. चहा दोघांपुढे ठेवला आणि ड्यूटीला निघून गेली.

दुकान पुन्हा उघडलं त्या दिवशी त्याने पहिलं काम केलं ते पाटी उतरवायचं. तिच्या मागची भिंत पांढरी निघाली, चौकोनी. मग तो बाराकप्याच्या जोड्याला बसला. पुढून रुंद, बोटांवर कुठे दाब येणार नाही असा. आत मऊ जाड तळ. अंगठ्याच्या रिकाम्या जागी मऊ भरण, म्हणजे पाय पुढे सरकणार नाही. टाच घट्ट. आणि सगळं दोऱ्याने शिवलेलं, खिळा एकही नाही. आठ दिवस लागले. झाल्यावर त्याने तो पायात घातला नाही. आत हात घातला. बोटांची टोकं आरी धरून धरून निबर झाली होती, म्हणून मनगटाची आतली बाजू फिरवली. इंच इंच. तिथे अजून कळत होतं.

महिना संपायला तीन दिवस होते, म्हणजे कोठीवालीच्या नोकरीलाही.

बाराकप्या दुपारी आला. सात पायऱ्या एकेक करत उतरला. आठनंबरीला खिडकीतून आधीच दिसलं होतं: कुबडी, डावा, मग उजवा. उजवा आता टेकायचा, ढकलायचा नाही.

"पाटी कुठे गेली रे?"

"उतरवली."

"रंगवायला?"

"नाही. बस आधी."

"उभं राहून ऐकतो, बसलं की उठायला त्रास."

"बस," आठनंबरी म्हणाला. "तो खिळा खोक्याचा नव्हता."

बाराकप्या बसला.

"माझा होता. तळाचा. टोक वळलं नव्हतं."

त्याने कुबडी भिंतीला टेकवली. मग बाराकप्याच चाचपडत त्याच्या मदतीला आला. "म्हणजे... घाईत तू घातलाच नव्हतास. मीच मागे लागलो होतो का? आठवत नाही मला. असेन."

सबबीचं दार उघडं होतं. आत शिरलं की सुटका. आठनंबरीने ते दार पाहिलं.

"घातला होता," तो म्हणाला. "दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ. तोच खिळा माझ्याही पायात गेला. हे बघ." त्याने पाय वर केला. भोक भरून आलं होतं, गुलाबी खूण होती. "मला कळलं नाही. पायाला काही कळतच नाही माझ्या. तीन वर्षं झाली."

"तीन वर्षं."

"हो."

"तीन वर्षं तू लोकांचे जोडे घालून देतोयस."

"हो."

"आणि आम्ही पाटी वाचत होतो."

"मला वाटलं, माझा हात बसला. म्हणून चावत नाहीत." त्याने पाय खाली घेतला. "एकदा शंका आली होती. चप्पल निसटली होती तेव्हा. ती मी हसण्यावारी नेली."

बाराकप्या खिडकीकडे बघत होता. बाहेर कुणाचे तरी पाय भरभर गेले. "त्या बाईला मी मालकासमोर उभी केली," तो हळूच म्हणाला. "ती म्हणत होती, मी रोज झाडते. मी म्हटलं, खोटं बोलते ही."

आठनंबरीने नवा जोडा पुढे सरकवला. "हा घे. खिळा नाही यात. कोठीवालीचं मी येऊन सांगतो मालकाला, तू म्हणशील तेव्हा. आणि... अरे, पुन्हा येशील ना माझ्याकडे?"

बाराकप्याने जोडा उचलला. उलटा केला, ठोकळ्यावर दोनदा आपटला. मग हात आत घातला. सावकाश. टाचेकडून पुढे, कडेकडेने, अंगठ्याच्या भरणापर्यंत. हात काढला, आणि परत घातला, परत सगळी वाट फिरला. त्याच्याकडे न बघता. आठनंबरी ते बघत राहिला. एकतीस वर्षांत त्याच्या जोड्यात त्याच्यासमोर असा हात कुणी घातला नव्हता.

मग बाराकप्याने जोडा पायात चढवला, नाडी बांधली, कुबडी घेतली.

"येशील ना?"

पायऱ्यांवर कुबडीचा आवाज. एक, दोन, तीन... सात. आठनंबरी खिडकीशी सरकला. फुटपाथवर ते पाय थांबले होते. उजवीकडे बाराकप्याचं घर. डावीकडे नाक्यावर कॅन्टीन.

कुबडी डावीकडे टेकली. मग डावा पाय, मग उजवा.